बिनपेटीवाल्या

आमच्या विभागात निकालाला चांदणी लागते. म्हणजे कॉम्प्युटरवर गणित मांडलं, की ज्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो त्याच्या शेजारी एक बारीक चांदणी उमटते. माझे मार्गदर्शक आधी चांदणी बघतात, आकडा नंतर. म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना चांदणीवाले सर म्हणतो. माझ्या मुख्य तक्त्यात एकही चांदणी नव्हती. आणि आज माझं सादरीकरण होतं, सगळ्या विभागासमोर. पैसा पुरवणाऱ्या संस्थेचे साहेबही येणार होते.

संशोधन तसं साधं. मासे विकणाऱ्या बायकांना बर्फ टिकवणारी पेटी दिली, तर त्यांची कमाई वाढते का? चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाजारांना पेट्या दिल्या, निम्म्यांना नाही. ज्यांना नाही, तिथल्या बायका तुलनेसाठी. पण हाती काही न पडता या बिनपेटीवाल्या आमचे लांबलचक प्रश्न का म्हणून ऐकून घेतील? सरांनी तोड काढली. पुढच्या टप्प्यात तुम्हालाही पेट्या मिळणार, असं त्यांना सांगायचं. सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं, मलाही वाटलं. मी ओट्याओट्यावर जाऊन ते सांगितलं, आणि सांगताना मला फार बरं वाटायचं.

निकाल आला तेव्हा दोन्हींकडची कमाई सारखीच वाढलेली. सरांनी अर्थ लावला, पेटीने काही होत नाही. 'परिणाम नाही' हाही निकालच असतो, त्यावर पेपर होतो, माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचा शेवटचा धडा होतो. शिष्यवृत्ती यंदा संपतेय आणि आई फोनवर रोज विचारते, "झालं का गं तुझं एकदाचं?" मी सरांपुढे मान डोलावली आणि लिहायला बसले.

पण मागच्या आठवड्यात राहिलेली माहिती भरायला मी एका बिनपेटीच्या बाजारात गेले. कोपऱ्यावरच्या मावशींनी शेजारचा ओटाही घेतला होता. दोन कॅन्टीनची रोजची ऑर्डर धरली होती. धुण्याभांड्याची कामं त्यांनी सोडून दिली होती.

"पेटी येणार म्हटल्यावर गिऱ्हाईक आधीच बांधून ठेवायला नको?" त्या म्हणाल्या. "तोवर रोज बर्फाची लादी आणते. परवडत नाही हो, पण थोडेच दिवस काढायचेत."

या बायका वाट बघत बसल्याच नव्हत्या. आम्ही शब्द दिला आणि त्या त्याच्या जोरावर कामाला लागल्या. म्हणून त्यांची कमाई पेटीवाल्यांच्या बरोबरीने वाढली होती. आणि ती वाढली म्हणूनच आम्ही आता पेटी निरुपयोगी ठरवणार होतो, संस्था दुसरा टप्पा रद्द करणार होती, आणि मावशी दोन ओटे घेऊन उन्हात वितळणाऱ्या लादीसमोर बसणार होत्या. आमच्यावर विश्वास ठेवला हाच त्यांचा गुन्हा.

सादरीकरणाआधी मी सरांना जिन्यात गाठलं आणि हे सगळं एका दमात सांगितलं.

"एका बाईवरून सिद्धांत मांडू नकोस," सर म्हणाले. "तुलनाच बिघडली म्हणालीस तर तुझा धडा पाण्यात जाईल. कळतंय ना? पदवी घे आधी, मग जग सुधार."

कळत होतं.

आमच्याकडे सादरीकरणात कुणी तुम्हाला बोलू देत नाही. पहिली स्लाइड लागली की हात वर होतात, आणि जो जास्त वेळा तोडेल तो जास्त हुशार. तसंच झालं. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "बिनपेटीवाल्यांची कमाई का वाढली?" सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ लहान पोरालाही कळला असता.

मी शेवटची स्लाइड काढली. ती मी आमच्याच जुन्या प्रश्नावल्या चाळून बनवली होती, सरांना दाखवलेली नव्हती. ज्या बाजारांत आम्ही शब्द देऊन आलो होतो, तिथे आमची फेरी झाल्या झाल्याच मोठे ओटे, नव्या ऑर्डरी, सोडलेली कामं. एक बाई नव्हे, बाजारच्या बाजार. त्या आकड्याला चांदणी होती.

"पेटीने काही होत नाही, असं आपण म्हणूच शकत नाही," मी म्हणाले. सगळं बोलून टाकलं. "या बायकांनी आपल्या शब्दावर विसंबून हातातली कामं सोडलीत. पेट्या द्यायलाच हव्यात."

खोलीत पहिल्यांदाच कुणी मला तोडलं नाही. मग सर खुर्चीत पुढे सरकले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर मोठा निकाल आहे!"

मला हायसं वाटलं. मूर्खासारखं.

संस्थेचे साहेब पेनाने टेबलावर टकटक करत होते. "म्हणजे नुसतं देणार म्हणून सांगितलं तरी कमाई वाढते?" ते म्हणाले. "मग पेट्यांवर खर्च कशाला करायचा?"

कुणी हसलं नाही. दोघातिघांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "दुसरा टप्पा थांबवू. पण त्यांना काही कळू द्यायचं नाही हं. असा विश्वास किती टिकतो, ते पुढच्या फेरीत मोजू. तुझा धडा सोन्याचा झाला."

मला त्या थापेची किळस आली. मी सायकल स्टँडच्या मागे जाऊन मावशींना फोन लावला. आता सरांची पुढच्या फेरीची मोजणी बिघडणार होती, माझा धडाही जाणार होता, हे माहीत होतं. जाऊ दे, म्हटलं.

"मावशी, पेटी येणार नाहीये. तो ओटा सोडा. जुनी कामं परत मिळतात का बघा."

पलीकडे बाजाराचा गलका होता. "कोण म्हणतं असं?"

"मीच म्हणतेय. आमच्या लोकांनी ठरवलंय."

त्या चक्क हसल्या. "तुम्हाला कुणीतरी रागावलेलं दिसतंय. अहो ताई, येणारच नसती तर तुम्ही फोन कशाला केला असता? न देणारी माणसं फोन करत नाहीत हो! फोन आला म्हणजे पेटीचं काम पुढे सरकतंय."

"मावशी, ऐका माझं—"

"तिसऱ्या कॅन्टीनचा माणूस समोर उभा आहे, सकाळपासून मी त्याला लटकवून ठेवलंय. त्याला आता हो म्हणून टाकते. ठेवू?"

नको, नको, मी म्हणत राहिले. पण त्यांनी फोन ठेवला होता.