तार सोडली आहे

अठ्ठावीस वर्षं तिला सगळे ‘फ्यूज’ म्हणत आले, आणि म्हणणाऱ्यांना वाटायचं, त्यात केवढी माया आहे! दर रविवारी सकाळी दहाला ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर जमणारे ते पाच म्हातारे हौशी रेडिओवाले, त्यांचे म्होरके मास्तर, तिचा थोरला भाऊ, एवढंच काय, भावाची बायकोसुद्धा. घरी आले की ठरलेला विनोद व्हायचा: “काय फ्यूज, आज काय जाळलंस?” तीही हसायची. हसताना दात इतके आवळलेले असायचे, की नंतर तासभर जबडा दुखायचा.

जळला होता वडिलांचा ट्रान्समीटर. कपाटाएवढा, राखाडी, त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेला, जुन्या एएम पद्धतीचा. आत मोठाले व्हॉल्व्ह पेटायचे आणि बोलणाऱ्याचा आवाज एका अवजड ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन लहरींवर स्वार व्हायचा. तेव्हा त्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरायच्या आणि आपलेच शब्द आपल्याबरोबर लोखंडातूनही बारीक आवाजात ऐकू यायचे. वडील म्हणायचे, “लोखंड बोलतंय ना? मग सगळं ठीक आहे.”

त्या यंत्राचा एकच कडक नियम होता. गच्चीवरच्या एरिअलची तार जोडलेली नसताना माइकवर बोलायचं नाही. आवाजाच्या ताकदीला बाहेर जायला वाट नसली की ती ट्रान्सफॉर्मरच्या आतच उड्या मारते आणि त्याचा कोळसा करते. म्हणून वडिलांनी पत्र्याची एक लाल चकती केली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: ‘तार सोडली आहे’. जो तार सोडेल त्यानं चकती माइकच्या मानेत अडकवायची. चकती दिसली की गप्प बसायचं, नसली की खुशाल बोलायचं.

एकोणिसाव्या वर्षी रेडिओवर बोलायचं लायसन्स हातात आलं, आणि पहिल्याच रविवारी ती माइकसमोर बसली. आदल्या दिवशी आभाळ गडगडलं म्हणून दादानं तार सोडून ठेवली होती. माइकवर चकती नव्हती. तिनं हवेवर जायचा खटका वर केला, लायसन्सबरोबर मिळालेल्या कॉलसाइनची, म्हणजे हवेवरच्या आपल्या नावाची, पहिली दोन अक्षरं उच्चारली, आणि कपाटात फाडकन आवाज झाला. मग धूर.

“मी चकती लावली होती,” दादा वडिलांना म्हणाला. “हिनंच काढून कुठंतरी टाकली असणार. घाई केवढी हिला!”

वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कपाटाकडे बोट दाखवून ते एवढंच म्हणाले, “याला आता कुणी हात लावायचा नाही.” पुढं ते हवेवर कधी आलेच नाहीत. रविवारी रिसीव्हर लावून नुसते ऐकत बसायचे, आणि ती खोलीत आली की आवाज कमी करायचे. दीड वर्षापूर्वी ते गेले. जातानाही त्यांच्या लेखी चकती तिनंच काढली होती.

ती मोटर-वाइंडिंगच्या कारखान्यात एकवीस वर्षं जळक्या मोटरी उलगडून नव्यानं गुंडाळत आली होती. हाच धंदा का धरला, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “सहज.” वडील गेल्यावर तिनं ट्रान्समीटर दुरुस्त करायचं मनावर घेतलं, तेव्हा दादानं तीनदा फोन केला. “कशाला उकरतेस? बाबांचा शब्द आहे. एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू.” तिला वाटलं, भाऊ आठवणीनं हळवा झालाय. वाटायला काय जातंय!

मागच्या झाकणाचे सोळा स्क्रू गंजून बसले होते. तेल सोडून, ठोकून, शिव्या घालून तिनं दोन दिवसांत ते काढले. झाकण खाली ठेवलं आणि बॅटरीचा झोत आत टाकला. ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर, काजळीनं माखलेली, चकती पडलेली होती.

तिनं ती उचलली. खाली नाण्यासारखा गोल, स्वच्छ राखाडी रंग होता, आणि भोवती सगळी काजळी. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा चकती तिथंच होती, बंद झाकणाच्या आत. दादानं तार सोडल्यावर धूळ काढायला झाकण उघडलं होतं, हे तिला लख्ख आठवत होतं. हात मोकळे करायला चकती तिथं टेकवली असणार, आणि स्क्रू आवळून स्वारी मोकळी झाली असणार.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली पक्कड तिनं भिंतीवर अशी फेकली की गिलाव्याचा पोपडा उडाला. मग तिनं पक्कड उचलली आणि कामाला लागली. राग राग करून तार गुंडाळली जात नाही, असं कारखान्यातले म्हणतात. साफ खोटं. जुनी तार उलगडताना तिनं वेढा न् वेढा मोजला आणि नवी गुंडाळताना दर शंभर वेढ्यांना दादाला एक शिवी दिली, त्यामुळे मोजणी एकदाही चुकली नाही. थरांमध्ये कागद घातला, व्हार्निश पाजलं, भट्टीत भाजलं. सगळे जुने कंडेन्सर बदलले. एरिअलऐवजी मोठा बल्ब जोडून चाचणी घेतली. “हॅलो” म्हणताच बल्ब उजळला आणि लोखंड बोललं. त्या दिवशी तिला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

चकतीवरची काजळी मात्र तिनं पुसली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती: दादाला माहीत होतं का? नुसती चूक असेल तर चार शब्द सुनावून ती विषय संपवणार होती. चुका तिनंही ढीगभर केल्या होत्या.

शनिवारी तिनं मास्तरांना फोन केला. “उद्या सगळ्यांची हजेरी झाली की पाच मिनिटं फ्रीक्वेन्सी मोकळी ठेवा. जे येईल ते ऐका. मध्ये कुणी बोलू नका.” दादालाही बोलावलं.

रविवारी तिनं एरिअलची तार जोडली. सेट हवेवर आहे हे दाखवणारा पुढचा लाल दिवा काढून खिशात टाकला. दहा वाजून गेले, जिन्यात दादाची पावलं वाजली, तसा तिनं खटका वर केला, आणि माइकच्या मानेत ती काळवंडलेली चकती अडकवली.

दादा आला. सवयीनं त्याची नजर आधी माइककडे गेली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“ही… कुठं सापडली?”

“आत. ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर. झाकण तू लावलं होतंस.”

“असेल राहिली चुकून. इतकी वर्षं झाली, अगं.”

“चुकून राहिली ते कळलं. तुला कधी कळलं, ते सांग.”

तो माइकसमोरच्या खुर्चीत टेकला. तार सोडली आहे, म्हणजे सेट बंद आहे, असं चकती सांगत होती, आणि त्या घरात वाढलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं.

“त्याच दिवशी,” तो म्हणाला. “धूर दिसला तेव्हाच आठवलं. खरं बोललो असतो तर बाबांनी मला पुन्हा सेटजवळ उभं केलं नसतं. तू नवखी होतीस. तुझ्यावर खपून गेलं.”

“आणि कपाट उघडू नका, हे बाबांच्या डोक्यात कुणी भरवलं?”

तो म्हणाला, “मीच.”

“शेवटचे सहा महिने तू त्यांच्या उशाशी बसत होतास. तेव्हा तरी?”

“अगं, मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं?” त्याचा आवाज चढला. “आणि आता त्यानं काय फरक पडतो, फ्यूज?”

तो ओरडला तसं कपाटही त्याच्याबरोबर ओरडलं. बारीक, लोखंडी आवाजात, ‘फ्यूज’ या शब्दासकट. दादाची नजर कपाटावरच्या मीटरवर गेली. काटा अजून हलत होता.

“तार… सोडलेली आहे ना?” तो कुजबुजला. कपाटही कुजबुजलं.

“चकती नसताना तू बाबांना लावली म्हणून सांगितलंस,” ती म्हणाली. “आज लावलेली आहे, तर नाही असं समज.”

तिनं खटका खाली ओढला. रिसीव्हरमध्ये खरखर आली. मग मास्तरांचा आवाज.

“आवाज स्वच्छ पोचला. शब्द न् शब्द. पाचही जणांनी ऐकलं.” त्यांनी खाकरून घसा साफ केला. “ताई, आम्ही सगळे तुला इतकी वर्षं…”

दादा उठून दाराकडे निघाला. तिनं माइकवरची चकती काढून त्याच्या हातात कोंबली. “घेऊन जा. तुझी आहे.”

मग तिनं खटका वर केला. “मास्तर, माफी नंतर. आधी माझा पहिला कॉल घ्या. अठ्ठावीस वर्षं राहिलाय.” आणि तिनं आपलं कॉलसाइन सांगितलं, सगळीच्या सगळी अक्षरं. लोखंड तिच्याबरोबर बोलत होतं. ते ऐकायला बाबा नव्हते, आणि त्याचा राग तिच्या आवाजात शेवटच्या अक्षरापर्यंत होता. ट्रान्सफॉर्मरनं तोही जसाच्या तसा पुढं पाठवला.