एकशे सतरा मिलिमीटर

मित्रांनो, माझा स्वभाव मुळात शांत नाही. वरून पडेल ते झेलायचं आणि कोणी विचारलं तर तेवढंच सांगायचं, इतकंच माझं काम. त्यासाठी अठ्ठावीस वर्षं मी एका जागी उभा आहे. तरी आभाळ भरून आलं की माझ्या आत घालमेल सुरू होते. मी सावरमाळ गावच्या तलाठी कार्यालयाच्या आवारातला एक जुना पर्जन्यमापक आहे. मुरबाडहून माळशेजकडे निघालात की टोकावडे लागतं. तिथून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे.

माझं अंग साधं आहे. वर नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडाला पितळेची कडी, खाली सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेलं भांडं आणि भांड्यात चार लिटरची बाटली. दूरच्या एका शहरातल्या कारखान्यात माझी कडी घडवली गेली. तिची धार काढताना कारागिरानं तीनदा माप घेतलं. शेजारच्या सोबत्याला तो म्हणाला, "ही कडी चुकली तर कुठल्या तरी गावचा पाऊस खोटा निघेल." त्या दिवसापासून मला खोटं ठरण्याची धास्ती लागली, ती अजून गेलेली नाही.

गावात मला सांभाळलं ते गणू कोतवालानं. रोज सकाळी साडेआठला तो कुंपणाचं फाटक उघडायचा, बाटली काढायचा आणि पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचा. एका पात्रात वीस मिलिमीटर मावतात. पात्र डोळ्यांसमोर धरून तो आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा, मुरबाडला फोनवर कळवायचा आणि शेवटी कार्यालयाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं मोठा करून लिहायचा. फळ्यावर लिहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "गावात पडला तो पाऊस, मग गावाला नको का कळायला?" असं तो म्हणायचा. एकदा तालुक्याचे साहेब आले. नोंदवही चाळून म्हणाले, "पावसाळ्याचा एकही दिवस कोरा नाही!" त्या दिवशी गणूनं माझी कडी चिंचेनं घासून लख्ख केली.

पाऊस जोराचा असला की गणू साडेआठची वाट बघत नसे. तासातासाला येऊन बाटली बघायचा. गावाजवळून एक ओहळ जातो. तो ओलांडायला एक बुटकी फरशी, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल आहे आणि फरशीपलीकडे कातकरवाडी. वाडीतली माणसं आवणीच्या दिवसांत भाताची रोपं लावायला गावात येतात. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला की पुढच्या दोन तासांत फरशी बुडते, हे गणूनं वर्षानुवर्षं मोजून ताडलं होतं. तेवढं पाणी दिसलं की तो शेताशेतांतून ओरडत फिरायचा, "वाडीवाल्यांनो, निघा रे!"

सहा वर्षांपूर्वी माझ्यापासून वीस पावलांवर एक पांढरा खांब उभा राहिला. त्याला सूर्यावर चालणारी पट्टी, वारा मोजणाऱ्या तीन वाट्या, कुलूपबंद पेटी आणि पावसासाठी छोटं नरसाळं होतं. सरकारशी करार करून एका खासगी कंपनीनं तो लावला. दर दहा मिनिटांनी त्याचा आकडा आपोआप दूर कुठे तरी जायचा. मला हेवा वाटला, हे कबूल करतो. मला चोवीस तासांतून एकदाच बोलता येतं, आणि तेही कोणी उचलून वाचलं तर. थोड्याच दिवसांत वरून पत्र आलं, की यापुढे यंत्राचा आकडा धरावा, हाताच्या नोंदीची गरज नाही. त्याच वर्षी गणू निवृत्त झाला.

तरी त्यानं जाऊन तलाठ्यांना विचारलंच, "भाऊसाहेब, नव्या यंत्रात आज किती पडला?"

"तो आकडा कंपनीकडे जातो, गणूकाका. तिथून वर."

"आन गावात?"

"ॲप आहे ना. वर्गणी भरली की दिसतो."

गणू खांबाकडे एकदा बघून निघून गेला.

मग माझे पडते दिवस आले. फळ्यावर सूचनांचे कागद चिकटले. कुंपणावर वेल चढली. एका श्रावणात माझ्या नरसाळ्यात जांभळाची पानं कुजली आणि बाटलीत थेंब उतरेना. पाऊस अंगावरून ओघळून जात होता आणि मला तो मोजता येत नव्हता. मित्रांनो, तसं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

मला त्यातून सोडवलं गणूच्या सुनेनं, कमळनं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. गणूचे गुडघे धरले होते आणि सकाळचा आकडा कानावर पडेपर्यंत म्हातारा भाकरीला हात लावत नव्हता. शेवटी तीच येऊन नरसाळं साफ करून गेली आणि रोज येऊ लागली. तिचा आकडा कोणी मागत नव्हतं. तरी ती तो जुन्या नोंदवहीत लिहायची.

गावाची चौकशी आता प्रणयकडे जायची. प्रणय कल्याणला नोकरी करतो आणि सुट्ट्या काढून शेती सांभाळतो. त्यानं त्या ॲपची वर्गणी भरली होती. मे महिन्यात एकदा त्यानं आदल्या दिवशी पाऊस सांगितला आणि अर्ध्या गावाचा पेंढा वाचला. तेव्हापासून नाक्यावर लोक त्याच्या मोबाइलकडे बघूनच आभाळाकडे बघत. प्रणय सांगायचाही मोकळेपणानं. पण तो कल्याणला असला, किंवा त्यानं फोन उचलला नाही, की गावाला काहीच कळत नसे.

आता जुलैतल्या एका दिवसाचं सांगतो. सकाळी साडेआठला कमळनं मला रिकामं केलं. मग पाऊस लागला. आमच्याकडचा रोजचाच पाऊस, कोणी मान वर करून बघावं असा नव्हे. पण तो खळेना. दहाच्या सुमाराला बाटली जड वाटायला लागली. अकराला ती अर्धी होत आली. मी कोणाला हाक मारणार? समोरच्या खांबाच्या वाट्या गरगरत होत्या. मनात आलं, याला तर कळलंच असेल, यानं कळवलंही असेल.

साडेबाराला कमळ इरलं घेऊन धावत आली. गणूनं तिला पिटाळलं होतं. बाटली उचलताच तिचा चेहरा बदलला. तिनं आत दुसरी कोरी बाटली ठेवली, म्हणजे पुढचा पाऊस वाया जायला नको. भरलेली बाटली काखेत मारली, मोजपात्र पदरात गुंडाळलं आणि थेट प्रणयच्या शेताची वाट धरली. अशा रीतीनं अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी, निदान माझं पोट तरी, कुंपणाबाहेर पडलं.

शेतात वाडीच्या अकरा बाया आवणीला वाकल्या होत्या. त्यांत यमू होती, तिचा नवरा पोश्या चिखलणीला होता. त्यांची पोरं पलीकडे वाडीत एकटीच होती.

"प्रणयभाऊ, आवणी थांबवा. यांना आत्ताच जाऊ द्या," कमळ म्हणाली.

"काय झालं वहिनी? माझी उद्या सुट्टी संपते. पाचपर्यंत उरकेल सगळं." त्यानं पिशवीतला मोबाइल काढला. "हे बघा, सकाळपासून चोवीस मिलिमीटर. मध्यम पाऊस. इशाराबिशारा काय नाय."

"मामांनी मोजायला सांगितलाय."

"वहिनी, ते यंत्र लाखाचं आहे. तुमची बाटली..."

कमळ वाद घालत बसली नाही. ती बांधावर बसली. इरल्याच्या आडोशाला मोजपात्र धरून तिनं माझं पाणी त्यात ओतलं. ते काठोकाठ भरलं. "वीस," ती म्हणाली आणि ओतून दिलं. पुन्हा भरलं. "चाळीस." बाया एकेक करून उभ्या राहिल्या. "साठ." पोश्या बैल सोडून जवळ आला. "ऐंशी." आता बायाच मोजू लागल्या. पाचवं पात्र ओतलं तेव्हा शंभर झाले. सहाव्यात पाणी सतराच्या रेघेवर थांबलं आणि बाटली रिकामी झाली.

"एकशे सतरा," कमळ म्हणाली. "चार तासांत."

प्रणयनं मोबाइल बघितला, मग पात्र बघितलं. त्याचं तोंड उतरलं होतं. यमूनं हातातली रोपं खाली ठेवली.

"दादा, आमची पोरां पल्याड हायत. आमी चाललू."

"चला, चला," प्रणय एकदम म्हणाला. "दोरी आहे माझ्याकडे. मीपण येतो."

रिकामी बाटली काखेत तशीच ठेवून कमळही निघाली, म्हणून पुढचं मी पाहिलं. फरशीवर पाणी गुडघ्याला लागत होतं, गढूळ आणि ओढीचं. पोश्या दोरी घेऊन आधी पार झाला. या टोकाला प्रणयनं ती कमरेला गुंडाळून पाय रोवले. बाया दोरी धरून एकीमागून एक उतरल्या. मधोमध यमूचा पाय सरकला. ती कमरेपर्यंत ओढली गेली आणि दोरी एकदम ताणली. प्रणय दोन पावलं पुढे फरफटला. कमळनं मला चिखलात टाकलं आणि त्याला मागून घट्ट धरलं. पलीकडून पोश्या ओरडत होता, "सोडू नको गो! हात सोडू नको!" यमू उठली, चार पावलं गेली आणि काठाला लागली.

तीन वाजता फरशी दिसेनाशी झाली. पाचला ओहळ दोन्ही काठांवरच्या खाचरांत शिरला होता. प्रणय तेवढा वेळ काठावरच उभा होता. परतताना तो कमळला एवढंच म्हणाला, "मी त्यांना पाचला सोडणार होतो, वहिनी."

आठवड्यानं कंपनीचा पंकज नावाचा तंत्रज्ञ आला. खांबावर चढून त्यानं छोटं नरसाळं काढलं. आतल्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. पाणी त्यातून झिरपून थेंबाथेंबानं उतरत होतं आणि बाकीचं काठावरून वाहून जात होतं.

"माझ्याकडे तीन तालुक्यांत साठ यंत्रं आहेत," तो गणूला म्हणाला. "वर्षातून एक फेरी होते, काका. मी एकटा काय काय बघू?"

"बाबा, तुझं यंत्र वाईट नाय," गणू म्हणाला. "दर दहा मिनिटाला बोलतंय. माझ्या बाटलीला ते जमलं नसतं. पण ते बोलतंय ते आमच्या कानावर येत नाय, आन त्याचं कान कोण साफ करतंय तेबी आमाला ठावं नाय."

पंकजनं कमळची नोंदवही मागून घेतली आणि तो आकडा आपल्या अहवालात लिहून नेला. ग्रामसभेनंही ठराव केला, की यंत्राचा रोजचा आकडा गावाला फुकट मिळावा आणि पेटीची एक किल्ली ग्रामपंचायतीत राहावी. उत्तर अजून आलेलं नाही. त्या दिवसाची सरकारी नोंद अजून एकतीस मिलिमीटर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्यात दोनशे चार भरले होते. कित्येकांची आवणी वाहून गेली, पण अतिवृष्टीच्या यादीत आमचं नाव नाही. हे आठवलं की माझी कडी आतून तापते.

गेल्या महिन्यात कमळ आठवडाभर शहापूरला प्रशिक्षणाला गेली. आता कोण येणार, या काळजीत मी असतानाच फाटक वाजलं. यमू आली होती. ती शाळेत गेलेली नाही. कमळनं तिला पात्रावरच्या रेघा मोजायला शिकवल्या होत्या. पात्र डोळ्यांसमोर धरून ती बोटानं मोजत राहिली. मग रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बसलेल्या गणूला तिनं ओरडून सांगितलं, "बाबा, बारा रेघा, आन एक अर्धी!"

"अर्धीबी सांग हां रोज," गणू ओरडला. "अर्धी सोडायची नाय."

जाताना यमूनं खांबाला कार्यालयातली शिडी लावली. वर चढून त्या छोट्या नरसाळ्यात झाडूची काडी फिरवली आणि उतरली.

मित्रांनो, तुमच्याही गावात असं काहीतरी उभं असेल. ते सरकारचं असेल किंवा एखाद्या कंपनीचं. ते कोणी सांभाळायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, पण ते ठरेपर्यंत ढग थांबत नाहीत. म्हणून अधूनमधून त्याच्याकडे जात जा. पान अडकलं असेल तर काढा. आत किती पाणी आहे ते विचारा. आणि आकडा मिळाला, की तो मोठ्यानं वाचा.