खोल म्हणजे काय खोल

घाट सुरू व्हायच्या आधी नीतूनं गाडी मोहाच्या सावलीत थांबवली. मान न वळवता ती म्हणाली, "बसले ना नीट? मंग मले काही शिकवू नका. फक्त पाहा."

लोकेंद्र मागं बसला होता. सालेकसाच्या बाजारात त्याचं मोटरसायकलचं गॅरेज. बायकोच्या मागं बसून तो आजवर कुठंच गेला नव्हता. त्याच्या हातात तळहाताएवढी एक डबी होती आणि डबीची वायर सीटखालून इंजिनापर्यंत गेलेली. ही गाडी कार्बोरेटरची नव्हती, इंजेक्शनची होती. पेट्रोल किती मारायचं ते डबीवरून ठरवता येई, हळू चालीसाठी वेगळं, चढासाठी वेगळं. अधिकचं बटण दाबलं की पेट्रोल वाढे, उण्याचं दाबलं की घटे. गाडी आधी गोंदियातल्या एका शौकीन पोराची होती. त्यानं मोठ्या आवाजाचं सायलेन्सर लावलं आणि तेव्हापासून तिचं तंत्र बिघडलं, म्हणून डबीसकट ती लोकेंद्रनं स्वस्तात घेतली आणि नीतूला दिली.

नीतू नर्स होती. दरेकसाच्या अंगाला जंगलात जे टोले, म्हणजे लहान वस्त्या, आहेत तिथं ती लसीचा डबा घेऊन रोज जायची. मागच्या आठवड्यात घाटातल्या मोठ्या वळणावर गाडी तिच्या हातात बंद पडली आणि मागं घसरली. मागच्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून ती वाचली. घरी येऊन तिनं ते सांगितलं. लोकेंद्रनं गाडी स्टँडवर सुरू केली, कान लावून ऐकली आणि म्हणाला, "गाडी टकाटक हाये. तुले क्लच सोडता येत नाही."

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मागून वाटलं. काल चुलीपुढं बसून तिनं एवढंच सांगितलं, की वरच्या टोल्यावर मंगलीच्या घरी एक खोली रिकामी आहे. सोमवारपासून ती त्यांच्या लहानग्या पोरीला, रिंकीला, घेऊन तिथंच राहील.

"अन् गाडी बनली तं?" त्यानं विचारलं होतं.

"उद्या मांगं बसून चला. माझ्या हातानं चढली तं पाहू."

आता चैताचं ऊन डोक्यावर होतं. नीतूनं गिअर टाकला. पहिला चढ गाडी बिनबोभाट चढली. आवाज कसा करकरीत येत होता. लोकेंद्रला असाच आवाज आवडायचा. इतकी वर्षं त्यानं कानानंच इंजिनं लावली होती. त्याला वाटलं, आता हिला कळेल.

मोठं वळण आलं. नीतूनं मूठ पिळली आणि गाडीनं दम टाकला. जोर यायच्या जागी एक पोकळ झटका आला, मग सायलेन्सरातून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद. गाडी मागं सरकू लागली. नीतूनं ब्रेक दाबून धरला तरी चाक गिट्टीवरून घसरतच होतं. लोकेंद्रनं दोन्ही पाय टेकवले. उजवी पोटरी सायलेन्सरला लागली आणि भाजली. मागून एक काळीपिवळी जीप हॉर्न वाजवत आली आणि त्यांना घासून वर गेली.

"पाहिलं काय?" नीतू म्हणाली.

त्यानं पाहिलं होतं. क्लच तिनं कुठंच चुकवला नव्हता. पण ते कबूल करायचं सोडून त्यानं फोन काढला आणि गोंदियाच्या चुन्नीलालला स्पीकरवर लावला. चुन्नीलाल असल्या गाड्यांचा मिस्त्री. डबी कशी लावायची ते त्यानंच फोनवर सांगितलं होतं.

"चुन्नीभाई, घाट में मर रही है."

"अभी भी? कितना खोला था?"

"तीन. आपने बोला था उतना."

"तो दो और खोल दे ना यार. बड़ा सायलेन्सर है, माँगेगी." पलीकडे कोणीतरी हाक मारली आणि फोन तुटला.

लोकेंद्रनं उण्याचं बटण दोनदा दाबलं. गाडी ढकलत सपाटीवर आणली. नीतू पुन्हा बसली. या खेपेला वळणही आलं नाही. आधीच्या चढावरच गाडी ठसकली, फटफटली आणि मेली. इंजिनातून इतकी झळ येत होती की नीतूनं गुडघे बाजूला घेतले.

ती उतरली. ओढणीनं तोंड पुसलं.

"आता झालं काय तुमचं? तुमी खोलून राहिले अन् ती मरून राहिली. काऊन?"

"मले काय पुसते? त्यानं सांगतलं तसं केलं."

"खोल म्हणजे करता तरी काय तुमी?"

"खोल म्हणजे हवा खोलायची. कार्बोरेटरले हवेचा स्क्रू रायते. खोलला का हवा वाढते, पेट्रोल कमी होते. येथं स्क्रू नाही, म्हणून मी पेट्रोल कमी केलं. एकच गोष्ट हाये."

"या गाडीले हवेचा स्क्रूच नाही?"

"नाही."

"मंग तो काय खोल म्हणते?"

लोकेंद्रनं डबी उलटून पाहिली.

"आमी सलाईन खोल म्हणतो," नीतू म्हणाली, "तं नळीतून पाणी जास्त जाते. येथं नळीतून जाते काय? पेट्रोल ना?"

"तुले सलाईनच दिसते सगळीकडं," तो चिडून म्हणाला. पण मग त्याला उमगलं. चुन्नीलाल इंजेक्शनचा माणूस. तो इंजिनात पेट्रोल सोडणारी सुई खोलायला सांगत होता. आणि आपण पंचवीस वर्षांच्या सवयीनं त्याच शब्दाला हवा समजून पेट्रोल तोडत गेलो. उपाशी गाडी घाटात पाठवली. तिच्यावर बायको बसवली.

त्यानं पुन्हा फोन लावला. चुन्नीलालनं उचलला नाही.

"तुझ्या क्लचात काही नव्हतं," तो डबीकडे पाहत म्हणाला. "मीच उलटं केलं वाटते."

"वाटते?"

"उलटंच केलं."

त्यानं अधिकचं बटण दाबत आकडा शून्यावर आणला, मग आणखी वर नेला. इंजिन निवू दिलं. सुरू केलं आणि त्याचं तोंड उतरलं. आवाज जाड झाला होता, घोगरा, म्हशीनं पाण्यात हुंकार भरावा तसा. त्याचे कान सांगत होते की गाडी बिघडली. गॅरेजात असा आवाज आला असता तर त्यानं एका मिनिटात तो बारीक केला असता.

"थोडं कमी करतो," तो म्हणाला.

"काही नका करू. बसा."

ती निघाली तेव्हा मागून बांबू भरलेला ट्रक येत होता. लोकेंद्र म्हणाला, "त्याले पुढं जाऊ दे."

"रोज थोडी कोणी पुढं जाऊ देते मले," ती म्हणाली आणि मूठ पिळली.

चढ लागला. ट्रक मागंच होता, त्याच्या इंजिनाची घरघर लोकेंद्रच्या पाठीला लागत होती. वळण दिसलं. गाडीचा आवाज आणखी जाड झाला, क्षणभर गुदमरल्यासारखा. लोकेंद्रचा अंगठा उण्याच्या बटणावर गेला. आता दाबलं नाही तर मरेल, असं कान ओरडून सांगत होते. आणि दाबलं तर? मागं ट्रक होता. त्यानं डोळे मिटून अंगठा उचलला आणि डबी मुठीत गच्च धरली.

गाडीनं एक हिसका दिला. ती पुढं गेली. नीतू वळणात झुकली, तिच्याबरोबर तोही झुकला. इंजिन घोगरं ओरडत होतं, पण ओढत होतं. वळण मागं पडलं, वरचा चढ मागं पडला, ट्रकचा आवाज खाली राहिला. त्यानं डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना साजाची झाडं होती आणि रस्ता सपाट झाला होता.

नीतू थांबली नाही. ती सरळ टोल्यावर गेली आणि मंगलीच्या अंगणात गाडी उभी केली. मंगली ही टोल्यावरची दाई, म्हातारी पण काटक. हात शेणानं भरलेले. खोली तिनं नुकतीच सारवली होती, जमीन अजून ओली होती.

"आताच आली का ओ नर्सबाई? सोमवारी म्हणत होतीस," मंगली म्हणाली. "सामान कोठी हाये?"

नीतूनं खोलीत डोकावून पाहिलं. लोकेंद्र गाडीजवळच उभा राहिला. त्याला पुढं जायचा धीर झाला नाही. गाडी चढली होती, पण नीतूनं सोमवारचं अजून काही सांगितलं नव्हतं.

"मंगलीबाई, मी नाही येत," नीतू म्हणाली. "घरूनच येणं-जाणं करतो."

मंगलीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गाडीजवळच्या माणसाकडे.

"मनवाले आला का नवरा?"

"मनवाले कायचा येते तो. गाडी चढवाले आला."

"मंग मी हे सारवलं कायले?" मंगली कुरकुरली. थोडा विचार केला आणि हात धुवायला वळली. "बरं झालं. यंदा मोह लय पडून राहिला. तेथंच वाळत घालतो."

तिनं आतून तांब्याभर पाणी आणलं. नीतूनं अर्धं पिऊन तांब्या लोकेंद्रपुढं धरला. तो पाणी प्यायला, मग उरलेल्या पाण्यात रुमाल भिजवून भाजलेल्या पोटरीवर ठेवू लागला. नीतू खाली बसली, त्याच्या हातातून रुमाल घेतला आणि म्हणाली, "सरका. असं नाही ठेवत."