घड्याळकाकांची झाकलेली थाळी

मित्रांनो, मी एक जुनं रीळ आहे. सिनेमाचं नव्हे आणि शिवणाच्या दोऱ्याचंही नव्हे. मासे धरायच्या काठीला जे पितळी चाक बसवतात, ज्याची मूठ फिरवली की पाण्यात सोडलेला दोरा परत गुंडाळला जातो, ते मी. माझं वय साठीच्या पुढे आहे. एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. कुणी मला हातात घेऊन "वा!" म्हणालं, की आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघायचं.

हा संशयी स्वभाव जन्मापासूनचा नाही. मला घडवणारा कारखान्यातला कातारी, म्हणजे लेथवर पितळ कातणारा कारागीर, फार सरळ माणूस होता. प्रत्येक रीळ तयार झालं की तो ते कानाशी धरून फिरवायचा आणि आवाज पटला तरच पेटीत ठेवायचा. त्या पेटीतून मी एका शाळेच्या बसच्या ड्रायव्हरच्या घरी आलो. दर सुट्टीला ते आपल्या लेकीला घेऊन तळ्यावर जायचे. मासा ओढायला लागला की माझ्यातून कट्कट् आवाज यायचा. "बघ पिल्लू, बोलायला लागलं!" असं म्हणत ते मूठ तिच्या हातात द्यायचे. मासे फार मिळायचे असं नाही, पण मी तेव्हा सुखी होतो.

मग एकदा शेजाऱ्यांनी मला एका दिवसासाठी मागून नेलं. त्यांनी मला वाळूत आपटलं. माझा एक स्क्रू हरवला, पोटात वाळू गेली. परत देताना ते म्हणाले, "आधीपासूनच असं होतं हो."  लेकीच्या बाबांनी चष्म्याच्या दुकानातून एक बारीक स्क्रू आणून मला बसवला. पण माझ्या मनात तेव्हा जी पाल चुकचुकली, ती कायमची वस्तीला राहिली.

पुढे बाबांचे गुडघे दुखू लागले. तळं सुटलं. मग बाबाही गेले. मी गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात, पक्कड आणि गंजक्या खिळ्यांखाली पडून राहिलो. पोटातलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं. मूठ हलेना. कितीतरी वर्षांनी डबा उघडला, तेव्हा समोर लेकच होती. आता ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करत होती आणि सगळे तिला ताई म्हणत होते. तिने मला कानाशी धरून हलवलं. मी गप्पच होतो. ती डबा मांडीवर घेऊन बराच वेळ तिथेच बसली.

तिने मला घड्याळकाकांकडे नेलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना जुनी रिळं जमवायचा आणि पुन्हा फिरती करायचा नाद लागला. त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात चाळीस-एक रिळं होती, प्रत्येकापाशी एक चिठ्ठी. खिडकीशी टेबल, त्यावर हिरवं कापड, रॉकेलची वाटी, जुना दात घासायचा ब्रश. त्यांनी भिंग लावून मला इतका वेळ पाहिलं, की मला घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला.

"तुम्हाला हे स्वतःकडेच ठेवायचंय ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! बाबांचं आहे ते."

"तसं नाही, आपलं विचारलं. दोन आठवड्यांनी या."

आपलं विचारलं! मित्रांनो, असं कुणी उगीच विचारतं का? शिवाय मधल्या फळीवर अगदी माझ्यासारखंच एक रीळ चमकत बसलं होतं. एकाच कारखान्यातलं, एकाच मापाचं. मी मनात म्हटलं, इथे पाणी मुरतंय.

पहिले काही दिवस काम नीट चाललं, हे कबूल करायला हवं. काकांनी मला अलगद उघडलं. माझा एकेक भाग पांढऱ्या थाळीत ओळीने मांडला. मग माझं मोठं दाते असलेलं चाक घेऊन ते मोरीकडे धुवायला गेले. तिकडून टिण् असा आवाज आला.  बऱ्याच वेळाने काका परतले. त्यांनी थाळीवर फडकं झाकलं आणि दिवसभर ते उचललं नाही.

तेव्हापासून थाळी झाकलेलीच राहिली. आतून काकूंनी विचारलं, "झालं का हो त्या ताईचं?" की काका म्हणायचे, "होतंय." ताईंचा फोन आला की, "तेल मागवलंय, आलं नाही अजून." तेलाची भरलेली बाटली टेबलावरच होती! ती फडक्याच्या कडेतून मला दिसत होती.

एका सकाळी फडकं निघालं. काकांनी फळीवरून ते माझ्यासारखं रीळ उतरवलं. त्याचेही सगळे भाग सुटे केले आणि माझ्या शेजारी मांडले. ते कधी त्याच्याकडे बघत, कधी माझ्याकडे. मी समजून चुकलो. माझे चांगले भाग त्याच्यात जाणार आणि त्याची झीज माझ्या नशिबी येणार. मला तोंड असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती.

नेमक्या त्याच वेळी दार वाजलं. ताई न कळवताच आल्या होत्या. टेबलावर दोन सारखीच रिळं उघडी पाहून त्या जागीच थबकल्या.

"यातलं माझं कुठलं?"

काका उभे राहिले. "सांगतो. जरा बसा."

"बसायचं नाहीये मला. कोपऱ्यावरचे चष्मेवाले म्हणालेच होते, तिकडे दिलंय तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा." त्यांनी थाळीत बोट फिरवून तो बारीक स्क्रू उचलला. "हा बाबांचा. म्हणजे ही थाळी माझी. मग यातलं मोठं चाक कुठाय?"

काकांनी खणाच्या कडीला हात घातला. मला वाटलं, चोर सापडला! खरं सांगतो, मला थोडा आनंदही झाला.

मग काकांनी खण उघडून एक कागदाची पुडी काढली. तिच्यात माझं चाक होतं, तीन दाते तुटलेलं.

"माझ्या हातून पडलं," ते म्हणाले. "मोरीच्या फरशीवर. असं चाक आता कुणी बनवत नाही. सगळीकडे विचारून झालं. म्हणून माझ्या रिळातलं काढून तुमच्यात घालत होतो. तुम्हाला कळणारही नाही असं बसवलं असतं."

"आणि ते तेलाचं?"

"खोटं होतं."

"सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

काकांनी उजवा हात टेबलावर ठेवला. हिरव्या कापडावर तो हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने तो दाबून धरला, तरी थांबेना. "पन्नास वर्षांत या हातातून काही पडलं नव्हतं. हे सांगितलं, की सगळंच सांगावं लागलं असतं."

दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणून हल्ली चहाचा कप टेबलावरच ठेवायला सांगता होय!" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावल्यासारखा होता, पण डोळे भरले होते. "उद्या डॉक्टरांकडे जायचं. ऐकलंत?"

ताईंचा राग लगेच गेला नाही. बाबांनी फिरवलेलं चाक गेलं ते गेलंच होतं. तुटलेलं चाक मुठीत धरून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "तुमचं ते रीळ मग कायमचं बंद पडणार?"

"पडेल. शोभेला राहील."

ताईंनी खुर्ची ओढली. "मी दिवसभर लोकांच्या बारीक शिरा शोधत असते. माझा हात हलत नाही. तुम्ही सांगा, मी बसवते."

त्या दिवशी काका बोलत होते आणि ताई चिमट्याने एकेक भाग उचलत होत्या. "हळू... दात्याला दाता लागू द्या... आता सोडा." त्या दुसऱ्या रिळाचं चाक माझ्या पोटात बसलं. ताईंनी मूठ फिरवली आणि मी कितीतरी वर्षांनी कट्कट् बोललो. आवाज पूर्वीपेक्षा किंचित जाड आहे. मला अजून त्याची सवय झालेली नाही.

मित्रांनो, माझा संशय खोटा नव्हता. काका लपवत होते, हे खरंच होतं. पण ते माझं काही चोरत नव्हते, स्वतःचंच काही तरी झाकत होते. एवढं मला कधी सुचलंच नाही. वर्षानुवर्षं मी माणसांच्या हातांकडे बारकाईने बघत आलो आणि तो थरथरता हात मला दिसला नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल द्या, त्यांना फिरवून बघा, डब्यात कोंडू नका. हातून काही मोडलं तर त्याच दिवशी सांगून टाका. आणि कुणी तुमच्यापाशी येऊन "माझ्या हातून मोडलं" म्हणालं, तर आधी त्याला खुर्ची द्या. रागवायचं ते मग रागवा.