दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह

गुंडानं जुन्या जिप्सीचे चारही प्लग काढले, दुसऱ्या सिलिंडरच्या भोकात दाब मोजायचा गेज आवळला आणि ओरडला, "ॲक्सिलेटर पुरा दाबा. मारा सेल्फ!"

गाडीमालक धैर्यशीलनं सेल्फ मारला. बाकीच्या तिघांचा काटा मघाशी कसा टणाटण दीडशेच्या वर गेला होता. हा मात्र नव्वदीतच घुटमळला. गुंडाला मनातून उकळ्या फुटल्या. का फुटू नयेत? हे इंजिन विट्याच्या सिकंदरनं बांधलेलं. याच गॅरेजात, गुंडाच्या बापाच्या हाताखाली तो तयार झाला, आणि आता जुन्या गाड्यांना मोठे कार्बोरेटर, वेगळे कॅमशाफ्ट बसवून गावोगावी नाव काढत होता.

"बघा आप्पा," गुंडा मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "तुमच्या सिकंदरच्या गाडीला दमा लागलाय. चढाला धापा टाकतीया."

केरबाआप्पा गादीच्या खुर्चीत बसून होते.

दर मंगळवारी आप्पा धुतलेला सदरा घालून विट्याची एसटी धरत. दिवसभर सिकंदरकडं. परतत ते असे खुशीत, की जणू माहेरपण करून आलेत. इथं कवठे महांकाळात, पोटच्या पोराच्या गॅरेजात, त्यांना करमत नव्हतं. गुंडाचा नुसता जळफळाट व्हायचा. हात थरथरायला लागल्यापासून त्यानं आप्पांना पान्याला शिवूसुद्धा दिलं नव्हतं. खुर्ची दिली, डोक्यावर पंखा लावला. आणखी काय करायचं माणसानं?

सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून त्यानं पुन्हा सेल्फ मारायला लावला. काटा तसूभरही वर सरकला नाही.

"पिस्टनच्या रिंगा बऱ्या हायत, नायतर ऑईलनं काटा चढला असता. व्हॉल्व्ह गळतोय," तो म्हणाला. "हेड उतरावं लागंल."

गाडी ठेवून धैर्यशील घरी गेला. दुपारी हेड उतरलं. आप्पांचा डोळा लागला होता. गुंडानं दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बाहेर काढला आणि त्याला हसूच आलं. व्हॉल्व्ह घट्ट बसावा म्हणून कडेला घासलेला पट्टा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला गायबच! शिकाऊ पोरगंसुद्धा असा व्हॉल्व्ह घासणार नाही. मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर टाकायला त्यानं मोबाईल काढला. फोटो साफ यावा म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडावरचा कार्बन पुसला.

खाली, दुसऱ्या सिलिंडरची खूण म्हणून, लोखंडी पंचानं ठोकलेले दोन ठिपके होते, आणि शेजारी एक आडवी रेघ.

सिकंदर आकडे ठोकायचा. ठिपक्यांशेजारी रेघ ओढायची सवय एकट्या आप्पांची. पूर्वी ती सुतासारखी सरळ यायची. ही थरथरत गेली होती.

तो गॅरेजच्या मागं गेला आणि सिकंदरला फोन लावून जिप्सीचा दुसरा व्हॉल्व्ह गळतोय म्हणाला.

"व्हय, माझंच चुकलं," सिकंदर लगेच म्हणाला. "गाडी लावून दे, मी करून देतो."

"सिकंदर, रेघ दिसली मला."

"त्यास्नी काय बोलू नगंस, गड्या," सिकंदर हळूच म्हणाला. "मंगळवारी व्हॉल्व्ह घासाय देतो त्यांच्याकडं. ते एसटीत बसलं की मी परत घासून घेतो. गडबडीत ह्यो एक राहिला."

गुंडानं फोन ठेवला. आता तर त्याला सिकंदरचा जास्तच राग आला. बाप आपला, आणि त्याच्या मनातलं कळावं त्या भाड्याला!

त्यानं तो व्हॉल्व्ह खिशात घातला. तिसऱ्याचा काढला, घासायची काडी आणि पेस्टचा डबा घेतला आणि खुर्चीपाशी आला.

"आप्पा, ह्यो जरा घासून देता?"

आप्पांनी डोळे उघडले. आधी व्हॉल्व्हकडं पाहिलं, मग पोराकडं. मग असे उठले, की खुर्ची मागं सरकली. हेडपाशी मांडी घालून त्यांनी काडी दोन्ही तळव्यांत धरली. हात थरथरत होते, पण काडी फिरत होती.

"पेस्ट लय जाड हाय रं तुझी," ते म्हणाले. "सिकंदरकडं बारीक असतीया."

गुंडाच्या काळजात परत टोचलं.

"आणतो," तो म्हणाला. "मंगळवारच्या आत आणतो."