पाळण्यातला थोरला

चाकूरच्या शरणम्माच्या घरात जन्मलेलं एकही लेकरू पाळण्यात पहिलं गेलेलं नाही. पहिला जायचा तो वरवंटा. बारशाला त्याला न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, कुंची घालून पाळण्यात निजवायचं, आणि मग त्याच्यामागून लेकरू. लेकरानं दगडासारखं टणक व्हावं म्हणून. घरात मिक्सर आला, पाटा परसात पडून राहिला, पण वरवंट्याचा मान कुणी काढला नाही. त्याला सगळे थोरला म्हणत.

लेक मंजुषा जर्मनीत बाळंत झाली, तेव्हा शरणम्मा थोरल्याला बॅगेत घालूनच निघाली. हैदराबादच्या विमानतळावर साहेब लोकांनी त्याला उलटापालटा करून पाहिलं आणि हसून सोडून दिलं.

बारशाचा हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. मंजुषा बाळाला घेऊन मैत्रिणीच्या गाडीतून पुढं गेली. शरणम्मा आणि जावई राजशेखर ट्रामनं निघाले. राजशेखर मूळचा नांदेडचा, आता जर्मनीतल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सासूच्या खांद्याशी कुंची घातलेला वरवंटा बघून तो कासावीस झाला होता.

"मामी, पिशवीत घाला की त्याला. लोक बघून राहिलेत."

"बघू द्या, जावईबापू. बारशाला निघालेलं लेकरू कुणी पिशवीत कोंबतं का?"

ट्राममध्ये एक गोरी म्हातारी लगबगीनं उठली आणि तिनं शरणम्माला जागा दिली. कुंचीकडं बघून ती गोड हसली. शरणम्माही हसली आणि मांडीवरच्या थोरल्याला थोपटू लागली.

तेवढ्यात ट्रामनं करकचून ब्रेक मारला. थोरला मांडीवरून निसटला आणि धाडकन खाली आदळला.

डबाभर किंकाळी उठली. म्हातारीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. ट्राम तिथंच उभी राहिली. शरणम्मा सावकाश वाकली, कुंची सारून दगडाचं टोक चाचपलं.

"काय न्हाई झालं त्याला," ती सगळ्यांना म्हणाली. "लई वेळा पडलाय त्यो."

कुंचीतला काळा दगड बघून लोक एकमेकांकडं बघू लागले. चालक आला. त्यानं दगडाकडं बोट केलं, मग दाराकडं. शरणम्मानं थोरल्याला उचलून छातीशी धरलं, कुंची खालीच राहिली. थोरल्याला इथंच उतरवलं तर नात पाळण्यात जायची कशी?

राजशेखर खालमानेनं काहीतरी पुटपुटला आणि हातानं वाटण वाटल्यासारखं करून दाखवलं.

शरणम्माला ती भाषा येत नव्हती, पण हात कळला.

"चटणी वाटायचा दगड म्हणून सांगितलं का? तुमच्या पोरीच्या आधी पाळण्यात जाणार हाय त्यो! नांदेडात तुमच्याही आधी असाच कुणी निजला असंल. खरं सांगा, अन् मान वर करून सांगा."

राजशेखर कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं मान वर केली. आधी अडखळत, नंतर मोठ्यानं बोलू लागला. हाताचा पाळणा करून हलवून दाखवला, त्यात आधी दगड ठेवला, मग लेकरू. बोलण्याच्या भरात मधेच "आमच्याकडं" म्हणून गेला, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

चालकानं सगळं ऐकून घेतलं. खाली पडलेली कुंची उचलली, झटकली, शरणम्माच्या हाती दिली आणि ट्राम चालवायला गेला.

म्हातारीनं हात पुढं केले. शरणम्मानं थोरल्याला कुंची चढवून त्या हातांत दिलं. वजनानं हात खाली गेले तशी म्हातारी खळखळून हसली. मग शेजारणीनं मागितला, मग तिच्या मागच्या बाईनं. बारशाला बाया बाळाला पाळण्याखालून एकमेकींना देतात, तसाच तो हातोहात डबाभर फिरला.

उतरताना शरणम्मानं हात पुढं केला, तर थोरला राजशेखरच्या खांद्याशी होता.

हॉलच्या दारात त्याचे ऑफिसातले लोक उभे होते. एकानं कुंचीत डोकावून विचारलं, "बाळ?"

"बाळ आत आहे," राजशेखर म्हणाला. "हा तिचा थोरला भाऊ. चाकूरहून आलाय."