टेनरच्या वहीचं शेवटचं पान

मित्रांनो, जरा लांबच बसा, माझ्या अंगाला वास येतो. मी गाण्याची वही. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडची म्हातारी राणी गादीवर होती, तेव्हा तिथल्या एका कथीड्रलसाठी, म्हणजे मोठ्या चर्चसाठी, मला शिवलं. आमच्यात एका स्तोत्राला पाच वह्या लागतात, प्रत्येकीत एकाच आवाजाचे सूर. माझ्यात टेनरचे, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाचे. पाची जणी भेटल्या तरच गाणं उभं राहतं.

आणि मी पडले कुणाच्या हातात? टेनर गाणाऱ्या हम्फ्री गॅडच्या! शी! हा बाबा अंगठ्याला थुंकी लावून पान उलटतो. शिंक आली की त्याचा रुमाल मीच. मेणबत्तीची चरबी, बिअरचे डाग, दातातून उडालेलं मटण... पुढचं सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल.

शेवटचं पान तेवढं स्वच्छ होतं. त्यावर आमच्या पेवरेल मास्तरांचं स्तोत्र होतं. जन्मभर दुसऱ्यांची गाणी बसवली त्यांनी, स्वतःचं हे एकच. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला ते गायचं ठरलं. "एकदा कानावर पडलं की सुटलो," म्हणाले. पाची आवाज पाटीवर जुळवले, वह्यांत उतरवले आणि पाटी पुसली. आमच्याकडे असंच करतात.

सणाच्या आदल्या दिवशी गॅडने मला सरावाला घरी नेलं. त्याची बायको थॉमसिन कणकेच्या पारीत वाम मासा भरून भाजायला ठेवत होती.

"अहो, भांड्याच्या तळाला कागद हवाय. हे गाणं आणखी कुठं आहे का?"

"आहे की, चार वह्यांत!" गॅडचा तिसरा पेला चालू होता. "फाड बिनधास्त!"

टर्रकन फाडलं हो मला! वर मासा, खाली मी.

दुपारी मास्तर आले. "टेनर ऐकव बघू." गॅडने मला उघडलं आणि फाटलेली कड अंगठ्याने झाकत हळूच माशाकडे पाहिलं. मास्तरांनी टेबलावरचा अर्धा उरलेला मासा उलटा केला. तळाला तेलकट कागद चिकटला होता, तोही अर्धाच.

"बाकीचा कुठाय?"

"मला वाटलं, पारी जरा चिवट झालीय," गॅड पुटपुटला.

"मास्तर, तुम्हाला आठवत असेल ना?" थॉमसिन रडकुंडीला आली.

"आठवत असतं तर लिहिलं कशाला असतं, पोरी?"

रात्रभर म्हाताऱ्याने नवे सूर शोधले. पाटी कोरीच राहिली.

सणाला अर्धं स्तोत्र असं चढलं की माझी शिवण थरथरली. मग टेनर संपला. गॅड नुसता उभा, आणि चार आवाज लंगडत शेवटाला पोचले.

"माफ करा, मास्तर," नंतर गॅडने तोंड उघडलं.

"असंच उघडं ठेव. काही बाहेर येतंय का बघू दे."

मास्तर त्याच हिवाळ्यात गेले. पूर्ण स्तोत्र त्यांनी कधी ऐकलंच नाही.

मित्रांनो, पान फाडायचंच असेल, तर ते दुसरीकडे आहे का हे लिहिणाऱ्याला विचारा. भूक लागलेल्याला नको.